बोटातील साक्षीदार

अंगठीला आपल्या वाङ्मयात ओळख पटविण्याचे काम फार प्राचीन काळापासून दिलेले आहे. अशोकवनात शोकमग्न होऊन बसलेल्या सीतेला समोरचा वानर रामाचाच दूत असल्याची खात्री पटली, ती त्याने पुढे केलेल्या मुद्रिकेमुळे. कालिदासाच्या नाटकात दुष्यंताला शकुंतलेचे विस्मरण होते. माशाच्या पोटात सापडलेली अंगठी एका कोळ्याच्या हातून राजापर्यंत पोहोचते, तेव्हा कोठे त्याला सारे आठवते. माणूस जे विसरतो ते अंगठी जपून ठेवते, अशी ही जुनी कल्पना आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत बाजारात आलेल्या एका नव्या अंगठीने ती अक्षरशः खरी करून दाखविली आहे. ही अंगठी घालून झोपलेल्या मनुष्याला रात्री केव्हा जाग आली, त्याचे हृदय मिनिटाला किती वेळा धडधडले, पहाटे त्याच्या कातडीची उष्णता किती चढली, हे त्याला स्वतःला ठाऊक नसले तरी अंगठी सकाळी सांगते. इंग्रजीतून आलेले ‘स्मार्ट रिंग’ हे तिचे नाव मराठीतही आता रुळले आहे.

दिसण्यात ही अंगठी साध्या वळ्याहून फारशी निराळी नाही. सॅमसंग कंपनीने जुलै २०२४ मध्ये जाहीर केलेली अंगठी टायटॅनियम ह्या हलक्या पण कणखर धातूची असून मापाप्रमाणे तिचे वजन २.३ ते ३ ग्रॅम भरते. मात्र तिच्या आतल्या बाजूस, जेथे सोनार आपला शिक्का मारतो तेथे, प्रकाश टाकणारे बारीक दिवे, परत आलेला प्रकाश टिपणारे संवेदक, उष्णता व हालचाल ओळखणारे संवेदक आणि वाकवून बसविलेली बॅटरी इतका संसार मांडलेला असतो. हे दिवे करतात तरी काय? अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या काचेवर तळहात ठेवला असता बोटे लालबुंद दिसतात, हा खेळ बहुतेक मुलांनी केलेला असतो. अंगठीचे शास्त्र ह्या खेळाच्याच शेजारचे आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी बोटातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्ताची एक लाट येते व ओसरते. लाट आली की प्रकाश अधिक शोषला जातो, ओसरली की कमी. ह्या चढउतारांची मोजणी म्हणजे नाडीची मोजणी. प्रकाशाच्या साहाय्याने रक्ताची ही लाट टिपण्याची रीत अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्रिक हर्ट्झमन ह्यांनी १९३७ च्या सुमारास मांडली. आणि दोन निरनिराळ्या रंगांचे प्रकाश वापरून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण काढण्याचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी ह्यांनी १९७४ मध्ये पुढे आणले. म्हणजे अंगठी नवी असली, तरी तिच्यामागील विद्या नवी नाही.

ही विद्या बोटाच्या वळ्यात बसविण्याचा उद्योग प्रथम नावारूपाला आला तो फिनलंडमधील औलू ह्या शहरात. तेथे २०१३ साली ‘औरा’ ही कंपनी स्थापन झाली आणि २०१५ मध्ये तिने लोकवर्गणीतून आपल्या पहिल्या अंगठीसाठी पैसा उभा केला. २०२० साली, कोरोनाच्या साथीत, अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेने फ्लोरिडात सामने पुन्हा सुरू करताना खेळाडूंना ही अंगठी देऊ केली, तेव्हा तिचे नाव जगभर झाले. आपल्याकडे बंगळुरूच्या ‘अल्ट्राह्यूमन’ कंपनीनेही अशी अंगठी आणली. आणखी एक गंमत अशी, की आपल्याकडे अंगठीचे मानाचे स्थान अनामिका. पण ह्या अंगठीचे कर्ते ती तर्जनीत घालावयास सांगतात, कारण तेथे तिला आपले काम अधिक नीट करता येते.

तिचे गुण प्रथम मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. वैद्य नाडी पाहतो ती काही क्षण. तीही रोगी जिने चढून, रांगेत तिष्ठून, मनात थोडी धास्ती घेऊन समोर बसला असताना. अंगठी नाडी पाहते ती रात्रभर, देह निश्चिंत असताना. मनगटावरच्या घड्याळापेक्षा बोटाच्या तळव्याकडील बाजूस रक्ताची लाट अधिक स्पष्ट मिळते. शिवाय अंगठीला पडदा नाही. ती चमकत नाही, किणकिणत नाही, जेवताना किंवा अभ्यासाला बसताना ‘माझ्याकडे पाहा’ असा हट्ट धरीत नाही. ज्या युगात बहुतेक यंत्रे माणसाचे लक्ष ओढून घेण्यासाठी टपलेली आहेत, त्या युगात एखादे यंत्र मुकाट्याने आपले काम करते, ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु तिचा खरा गुण ह्याहून वेगळा आहे. ती मनुष्याची तुलना इतरांशी न करता त्याच्याच कालच्या प्रकृतीशी करते. प्रौढ माणसाची विश्रांतीतील नाडी मिनिटाला ६० ते १०० ठोके असावी, असे पुस्तके सांगतात. एखाद्याची नाडी नेहमी ६० असते आणि सलग चार रात्री ती ७२ वर राहते. पुस्तकाच्या दृष्टीने हा मनुष्य धडधाकट; परंतु त्याच्या देहात काहीतरी चालले आहे, हे त्याच्या स्वतःच्या मागील महिन्याच्या नोंदीवरूनच कळणार. रात्री दहानंतर पोटभर जेवून झोपणाऱ्याला, त्या रात्री आपले हृदय पहाटेपर्यंत धावत असते, हे कोणी कितीही वेळा सांगितले तरी पटत नाही. आठ दिवसांच्या नोंदी समोर आल्या की जेवणाची वेळ आपोआप अलीकडे येते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी जन्मभर केलेला उपदेश एका तक्त्याने पचनी पडावा, ही वडीलधाऱ्यांना थोडी लागणारी गोष्ट खरी. पण उपयोग झाला हे नाकारता येत नाही.

ह्या अंगठीचा संसारात प्रवेश झाल्यावर काय घडते, हे एका उदाहरणाने पाहू. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीने आपल्या पहिल्या वर्षाच्या बचतीतून गावी असलेल्या वडिलांना अशी अंगठी दिली, अशी कल्पना करा. अंगठीने टिपलेले सर्व काही वडिलांच्या मोबाइलवर जाते, आणि मुलीने तशी सोय करून घेतल्यामुळे तिच्याही. तिसऱ्याच दिवशी सकाळी तिचा दूरध्वनी येतो.

“अण्णा, रात्री तुमची झोप तीनच तास झाली. बरं नाही का वाटत?”

“मला काय धाड भरलीय! लाईट रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं, दारं धरायला गेलो होतो.”

ज्या गावांत शेतीपंपाला वीज रात्रीच्या पाळीत मिळते, तेथे शेतकऱ्याला थंडीत मध्यरात्री उठून पाण्यात उभे राहावेच लागते. अंगठीने त्या रात्रीची नोंद बिनचूक केली होती. परंतु नोंदीखाली मोबाइलवर जो सल्ला उमटला, तो ‘आज विश्रांती घ्या’ असा होता. हा सल्ला चुकीचा नव्हता. तो फक्त निराळ्या माणसासाठी लिहिलेला होता. झोपेची वेळ ज्याच्या स्वाधीन आहे अशा मनुष्याला डोळ्यांपुढे ठेवून ही यंत्रे घडविली जातात. अण्णांची झोप त्यांच्या हाती नाही, ती विजेच्या वेळापत्रकाच्या हाती आहे. आणि ह्या दोहोंतला फरक अंगठीला कळावा अशी कोणतीही तजवीज तिच्या आत नाही.

येथे अंगठीच्या कामातील एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. ती काही गोष्टी मोजते आणि काही गोष्टी ताडते. नाडी ती मोजते, कातडीची उष्णता मोजते. झोप मात्र ती ताडते. झोपेचे प्रकार ठरतात मेंदूतील विद्युत्-लहरींवरून. ह्या लहरींचा पहिला वृत्तान्त जर्मनीतील हान्स बर्गर ह्यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केला; आणि डोळ्यांची वेगाने हालचाल होत असलेल्या झोपेचा एक स्वतंत्र प्रकार आहे, हे शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन ह्यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले. आजही झोपेची खरी परीक्षा करावयाची तर रोग्याच्या डोक्याला, डोळ्यांजवळ व हनुवटीला तारा लावून त्याला रात्रभर निरीक्षणाखाली निजवावे लागते. बोटातल्या अंगठीला मेंदू दिसत नाही. हात किती हलला, नाडी कशी चालली, उष्णता किती होती, एवढ्यावरून ती ‘गाढ झोप एक तास दहा मिनिटे’ असा निकाल देते. मनुष्य झोपला होता की जागा, हे ती बऱ्याच अंशी नीट ओळखते. गाढ झोप कोणती आणि हलकी कोणती, हे सांगताना तिची चूक होण्याचा संभव पुष्कळ वाढतो. अंथरुणावर निश्चल पडून छताकडे पाहणारा चिंतातुर मनुष्य तिच्या लेखी निद्रिस्त ठरू शकतो. पावलांचेही तसेच. भाकरी थापणाऱ्या गृहिणीचा हात हलतो आणि पाय जागीच असतात. डोक्यावरचे ओझे एका हाताने घट्ट धरून चालणाऱ्या हमालाचे पाय चालतात आणि तो हात स्थिर असतो. ह्या दोघांचा हिशेब अंगठीने उलटा मांडला, तर आश्चर्य वाटावयास नको.

आणि मग येतात गुण. बहुतेक अंगठ्या रोज सकाळी मनुष्याला शंभरापैकी गुण देतात: झोपेला ७१, आजच्या तयारीला ६४. हे गुण कोणत्या सूत्राने दिले, ते कंपन्या पूर्णपणे उघड करीत नाहीत. एकाच रात्रीबद्दल दोन कंपन्यांच्या अंगठ्या दोन निरनिराळे आकडे देऊ शकतात. शाळेतील परीक्षकालाही उत्तरपत्रिका मागितली असता दाखवावी लागते. येथे उत्तरपत्रिकाच नाही, केवळ गुणपत्रिका आहे. तथापि आकड्याचा अंमल मनावर विलक्षण असतो. प्रसन्नपणे जागा झालेला मनुष्य मोबाइलवर ५८ हा आकडा पाहतो आणि त्याचे अंग जड होते. ‘मला बरे वाटते आहे’ ही त्याची स्वतःची साक्ष होती. ती तो आपण होऊन मागे घेतो. २०१७ साली अमेरिकेतील काही निद्रातज्ज्ञांनी अशा रुग्णांविषयी लिहिले, की यंत्रावरची झोप निर्दोष व्हावी ह्या ध्यासानेच त्यांची झोप बिघडली होती. त्या विकाराला त्यांनी ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले. काही रुग्णांना तर प्रयोगशाळेतील तपासणीत झोप चांगली आढळल्याचे सांगितले, तरी ते यंत्राचाच शब्द धरून बसले. ज्या विद्यार्थ्याचे सारे चित्त उत्तराऐवजी गुणांवर खिळलेले असते, त्याची जी अवस्था परीक्षेच्या आदल्या रात्री होते, ती ह्या माणसांनी रोजच्या रात्रीची करून घेतली. अंगठीचा हा दोष सर्वांत मोठा आहे. ती चुकते म्हणून नव्हे. चूक तर थर्मामीटरचीही होते. ती आपले मोजलेले आणि आपले ताडलेले एकाच रुबाबदार आकड्यात मिसळून देते, आणि घेणाऱ्याला त्यातले सत्य किती व अंदाज किती हे कळेनासे होते, म्हणून.

ह्या आकड्यांच्या मोहाचा फायदा घेणारे लोकही आहेत. सुई न टोचता रक्तातील साखर सांगतो, असा दावा करून काही घड्याळे व अंगठ्या विकल्या जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जनतेला स्पष्ट इशारा दिला, की कातडीला छेद न देता स्वतः साखर मोजणाऱ्या अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला मान्यता दिलेली नाही, आणि ती वापरू नयेत. ज्या देशात मधुमेही फार मोठ्या संख्येने आढळतात, तेथे ह्या इशाऱ्याचे महत्त्व सांगावयास नको. चुकीच्या आकड्यावर विसंबून इन्शुलिनची मात्रा ठरविली, तर प्रसंग जिवावर बेततो.

प्राणवायूच्या मोजणीतही एक खोच आहे. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ह्या मोहिमेत महाराष्ट्रातील आरोग्यसेवक दारोदार जाऊन लोकांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावीत होते, ते दृश्य बहुतेकांच्या स्मरणात असेल. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयांतील चांगल्या प्रतीचे ऑक्सिमीटरही कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत प्राणवायूची घट गोऱ्या रुग्णांच्या तुलनेने सुमारे तिप्पट वेळा हुकवितात, असे त्यात आढळले. कातडीतील रंगद्रव्यही प्रकाश शोषते, हे त्याचे कारण मानले जाते. बोटाला नीट चिमटा धरून बसणाऱ्या यंत्राची ही कथा, तर सैल अंगठीने सावळ्या बोटातून काढलेल्या आकड्याकडे किती सावधपणे पाहावयास हवे, ह्याचा विचार आपल्या देशातील लोकांनी तरी केलाच पाहिजे.

किमतीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सॅमसंगची अंगठी भारतात ऑक्टोबर २०२४ मध्ये ३८,९९९ रुपयांना आली. औरा कंपनी २०२१ पासून अंगठीच्या किमतीवर दरमहा वर्गणीही घेते. वर्गणी थांबली की नोंदींचा मोठा भाग पाहावयास मिळत नाही. आतील बॅटरी काही वर्षांनी थकते आणि ती बदलता येत नाही, म्हणजे अंगठीच बदलावी लागते. आजीची सोन्याची अंगठी अडचणीत गहाण पडते, सुगीत सुटते आणि शेवटी नातीच्या बोटात जाते. हिच्या बाबतीत तसे काही संभवत नाही. उलट रक्तदाबासारख्या, काहीही न दुखविता वाढत जाणाऱ्या विकाराची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात दंडाला पट्टा बांधून विनामूल्य होते, आणि ती तपासणी विश्वासार्ह असते.

किमतीपेक्षा अवघड प्रश्न दुसराच आहे. ही अंगठी साक्षीदार खरी, पण ती साक्ष कोणापुढे देते? तिच्या नोंदी बोटात राहत नाहीत, मोबाइलमध्येही थांबत नाहीत; त्या दूरच्या गणकयंत्रांवर साठविल्या जातात. माणूस केव्हा निजतो, केव्हा आजारी असतो, कोणत्या दिवशी त्याचे हृदय अस्वस्थ होते, ही माहिती उद्या विमा कंपनीला किंवा नोकरी देणाऱ्या मालकाला हवीशी वाटली, तर त्यात नवल काय? भारतीय संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती त्यात आवश्यक ठरविली आहे. कायदा झाला हे चांगले झाले. तथापि संमतीचा कागद न वाचता ‘मान्य’ ह्या शब्दावर बोट ठेवण्याची सवय कोणताही कायदा मोडू शकत नाही.

शिवाय साक्ष घरातही दिली जाते. पुण्याच्या मुलीचा वडिलांवर लोभ होता, म्हणूनच ती रोज सकाळी त्यांची झोप पाहू लागली. पण पंधरा दिवसांत त्या लोभाला हजेरीपटाचे रूप आले. रात्री भजनाला बसल्याचे, शेजारच्या गोठ्यात गाय व्याली तेव्हा जागल्याचे, आठवणींनी डोळा न लागल्याचे, असे सर्व काही अण्णांना सकाळी लेकीला सांगावे लागू लागले. ज्या गोष्टी माणूस आपल्यापाशीच ठेवू इच्छितो, त्यांतल्या पुष्कळशा रात्रीच्या असतात.

एकदा मात्र अंगठीने मोलाचे काम केले. दारे धरण्याची पाळी नसतानाही अण्णांची रात्रीची नाडी सलग पाच दिवस नेहमीपेक्षा दहा-बारा ठोक्यांनी वर राहिली. त्यांना विशेष काही जाणवत नव्हते, भूक तेवढी मंदावली होती. मुलीने आग्रह धरला, तेव्हा ते आरोग्य केंद्रात गेले. तेथील डॉक्टरांनी मोबाइलवरचा तक्ता पाहिला, तो बाजूला ठेवला, आणि “रात्री घाम येतो का? खोकला किती दिवसांपासून आहे?” असे विचारीत छातीला नळी लावली. रक्त व थुंकी तपासावयास पाठविली. अंगठीने प्रश्न उभा केला होता. उत्तर शोधण्यासाठी माणसाला माणसापुढे बसावे लागले, आणि खोकल्याची गोष्ट, जी अंगठीला ठाऊकच नव्हती, ती अण्णांना स्वतःच्या तोंडाने सांगावी लागली.

ह्यानंतर बापलेकीत एक करार झाला. रोजचे आकडे पाहावयाचे नाहीत. महिन्यातून एकदा, रविवारी, दोघांनी मिळून मागील नोंदी चाळावयाच्या. मधल्या काळात प्रकृतीची चौकशी करावयाची ती पूर्वीप्रमाणे दूरध्वनीवर, आणि अण्णा जे सांगतील ते खरे मानावयाचे. औषधोपचार सुरू झाल्यावर अण्णा पुन्हा शेतावर जाऊ लागले. कडबाकुट्टीवर बसताना बोटात काही असू नये, ते यंत्रात अडकते, हे त्यांना लहानपणापासून माहीत आहे. म्हणून कामाला लागण्यापूर्वी ते अंगठी काढून देवघराच्या कोनाड्यात ठेवतात. तेवढे तीन-चार तास पुण्यातील मोबाइलवर कोरे दिसतात.